आधी दाराची कडी, मग गळ्यातलं बटण

(ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत.)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात घरोघरी जाऊन काम करते आणि माझे बहुतेक पेशंट पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. पडल्यानंतरचे व्यायाम शिकवायला गेलं की अलीकडे घरचे लोक हमखास एक प्रश्न विचारतात: आईसाठी, बाबांसाठी कुठलं अलार्मचं बटण घेऊ? एका घरात या प्रश्नाचं उत्तर कसं शोधलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. यंत्र कोणतं घ्यावं, यापेक्षा यंत्र वाजल्यावर आजींपर्यंत कोण आणि कसं पोहोचणार, हे आधी ठरवायला हवं असं माझं ठाम मत आहे. ते मत पक्कं झालं ते याच घरात.

आजी, घर आणि ती पहाट

आजींचं वय 81. निवृत्त शिक्षिका. कोथरूडमधल्या 1980 च्या दशकातल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि घरात त्या एकट्या. यजमान जाऊन काही वर्षं झाली. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बंगळुरूला. दोघांकडेही त्या राहून आल्या आहेत, पण परत आल्या. इथे भजनी मंडळ आहे, ज्येष्ठ नागरिक संघाची गुरुवारची सभा आहे, आणि स्वतःच्या हाताने लावलेली तगर आहे. घर सोडायचं नाही, हे त्यांनी शांतपणे आणि पुन्हा विचारू नये अशा स्वरात सांगितलं होतं. हा निर्णय मी गृहीत धरून चालले. पेशंटने कुठे राहायचं हे पेशंटनेच ठरवावं.

तब्येतीच्या तक्रारी अशा: दोन्ही गुडघे झिजलेले, रक्तदाब, हृदयाचे ठोके अनियमित आणि त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी. डाव्या कानाला श्रवणयंत्र, जे रात्री काढून डबीत ठेवलं जातं.

फेब्रुवारीत एके दिवशी पहाटे चारच्या सुमारास बाथरूमहून परतताना त्या पॅसेजमध्ये पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. मोबाइल बेडरूममध्ये चार्जिंगला लावलेला. हाका मारल्या, पण समोरच्या घराची दोन्ही दारं बंद आणि आत पंखा, त्यामुळे कुणालाच ऐकू गेलं नाही. आठला कामाच्या मावशी आल्या, बेल वाजवली, आतून क्षीण आवाज आला. समोरच्या वहिनींकडे लॅचची किल्ली होती. लॅच उघडलं, दार मात्र उघडलं नाही, कारण आजींनी रोजच्याप्रमाणे रात्री आतून कडी लावली होती. सुतार शोधून, दार फोडून आत जाईपर्यंत नऊ वाजत आले होते.

म्हणजे जवळजवळ पाच तास थंड फरशीवर. पडण्यातली दुखापत किरकोळ होती, पडून राहण्यातली नव्हती. कंबरेखालची त्वचा लाल-जांभळी झालेली, अंगातलं पाणी कमी झालेलं, आणि स्नायूंना इजा झाल्याचं रक्ततपासणीत दिसत होतं. माणूस तासाहून अधिक काळ एकाच अंगावर जमिनीवर पडून राहिला की दबलेले स्नायू खराब होऊ लागतात. त्यातून सुटणारे घटक मूत्रपिंडांवर ताण आणतात, त्वचेला जखमा होतात, आणि उताणं पडून राहिल्याने छातीत संसर्ग होऊ शकतो. जगात पडण्यामुळे दरवर्षी अंदाजे 6 लाख 84 हजार मृत्यू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले सर्वाधिक साठीपुढच्या लोकांचे.

तिघांचे तीन पर्याय

आजी रुग्णालयातून घरी आल्या तेव्हा मुलगी रजा घेऊन आली होती, मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, आणि नात आपलं म्हणणं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होती. प्रत्येकाकडे एक यंत्र होतं.

मुलाला गळ्यात घालायचं अमेरिकी पेंडंट पाठवायचं होतं. तिकडे ही पद्धत जुनी आहे. अँड्र्यू डिबनर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये लाइफलाइन ही सेवा सुरू केली, तेव्हापासून बटण दाबलं की कॉल सेंटरमधलं माणूस बोलतं आणि मदत पाठवतं, अशी रचना तिथे रुजली आहे. पण ते पेंडंट तिथल्या मोबाइल कंपनीच्या सिमवर चालतं, त्याचं कॉल सेंटर तिथलंच, आणि ते मदत मागणार 911 कडे. कोथरूडच्या पॅसेजमध्ये त्याचा काहीही उपयोग नव्हता. मुलाला हे पटायला वेळ लागला नाही, वाईट मात्र वाटलं. लांबून आईसाठी काहीतरी ठोस करायची त्याची तळमळ मला दिसत होती.

मुलीच्या डोक्यात पडणं ओळखणारं घड्याळ होतं. अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय 2018 च्या सिरीज 4 पासून आहे. जोरात आपटल्याचं घड्याळाला जाणवलं आणि त्यानंतर माणूस साधारण मिनिटभर हलला नाही, तर घड्याळ आपणहून आपत्कालीन क्रमांकाला फोन लावतं आणि घरच्यांना संदेश पाठवतं. उत्तम सोय आहे. पण ते घड्याळ सुरू करायला आयफोन लागतो, आजींकडे साधा अँड्रॉइड. शिवाय ते रोजच्या रोज चार्ज करावं लागतं, आणि आजी ते चार्जिंगला लावणार कधी, तर रात्री झोपताना.

नातीने प्रत्येक खोलीत कॅमेरा सुचवला. आजी म्हणाल्या, "मी साडी नेसताना बंगळुरूहून कोण बघणार आहे?" हा पर्याय तिथेच संपला, आणि तो संपणं योग्यच होतं.

आधी पडण्याची जागा आणि वेळ

यंत्रांची चर्चा मी थांबवली आणि आजींबरोबर घरातून चालले. दिवसा एकदा आणि दिवे मालवून रात्री एकदा. अंधारातल्या फेरीत जे कळतं ते दिवसा कळत नाही.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला त्यांना 19 सेकंद लागले. 12 सेकंदांपेक्षा जास्त लागले की पडण्याचा धोका वाढलेला मानतात. आडवं असताना वरचा रक्तदाब 148 होता, उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला 118. वीसपेक्षा जास्त घसरण म्हणजे उठल्या उठल्या चक्कर येऊ शकते. लघवी वाढवणारी गोळी त्या संध्याकाळी घेत होत्या, म्हणून रात्री दोनदा उठणं ठरलेलं. हे सगळं मी त्यांच्या डॉक्टरांना लिहून पाठवलं. त्यांनी गोळी सकाळी आणली, एका गोळीचा डोस कमी केला. रात्रीच्या फेऱ्या त्याने बऱ्याच कमी झाल्या. पॅसेजमध्ये पाऊल पडताच लागणारा छोटा दिवा, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, मोरीतल्या गुळगुळीत फरशीवर खरबरीत पट्ट्या, ही कामं एका दिवसात झाली. पडणं टाळण्याचा खर्च अलार्मच्या खर्चापेक्षा बऱ्याचदा कमी असतो.

मग मी एक प्रश्न विचारला, जो मी प्रत्येक घरात विचारते: जमिनीवर बसलात तर उठता येतं का? आजींनी गेल्या दहा वर्षांत जमिनीवर बैठक मारलेली नाही. गुडघे दुखायला लागले, जेवण पाटावरून टेबलावर आलं, पूजा स्टुलावर बसून होऊ लागली. आमच्या आधीच्या पिढीला उठबस करून जी ताकद आपोआप राहायची, ती त्यांची गेली होती. कुशीवर वळून, गुडघ्यांवर येऊन, खुर्ची धरून उठायची पद्धत मी शिकवते. महिनाभर प्रयत्न केला, पण त्यांचे गुडघे जमिनीवर भार घेईनात. जमिनीवरून स्वतः उठू न शकणाऱ्या आणि रात्री एकट्या असणाऱ्या माणसाला मदत बोलावण्याची सोय हवीच, इथे माझ्या मनात शंका उरली नाही.

दार

त्या फेब्रुवारीच्या पहाटे आजींच्या गळ्यात जगातलं सर्वांत महाग पेंडंट असतं, तरी काय झालं असतं? मदत पाच मिनिटांत दाराशी आली असती आणि कडीपाशी अडली असती. यंत्राच्या कुठल्याही जाहिरातीत दाराचा उल्लेख मी पाहिलेला नाही. आपल्याकडच्या फ्लॅटचं दार म्हणजे बाहेर सेफ्टी डोअर, आत लाकडी दार, त्याला लॅच, वरून कडी, काही घरांत खाली आणखी एक कडी. चोराच्या भीतीने घातलेले हे थर आहेत, आणि एकट्या बाईला ती भीती वाटणं अगदी रास्त आहे. म्हणून नुसतं "कडी लावू नका" असं सांगणं मला चुकीचं वाटतं. आजी रात्रभर जाग्याच राहिल्या असत्या.

सोसायटीत येणाऱ्या सुतारानेच तोडगा काढला. कड्या काढून टाकल्या, आणि त्यांच्या जागी आतून दोनदा फिरवून बंद होणारं, पण बाहेरून किल्लीने पूर्ण उघडणारं मजबूत कुलूप बसवलं. सेफ्टी डोअरलाही तसंच. लॅच घेताना एक गोष्ट बघावी लागते: काही लॅचना आतून एक खटका असतो, तो दाबला की बाहेरची किल्ली चालत नाही. तो खटका नसलेलं लॅच घेतलं. दाराला भिंग होतंच. आजींनी आठवडाभर नव्या कुलपाचा आवाज ऐकला, किल्ली फिरवून पाहिली, आणि मग कडी नसण्याची सवय केली.

बाथरूमचं दार आत उघडणारं होतं. माणूस आत दाराला लागून पडला तर ते ढकलता येत नाही, ढकललं तर त्यालाच लागतं. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं केलं, आणि आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारी खिट्टी लावली.

किल्ल्या तीन ठिकाणी ठेवल्या: एक समोरच्या वहिनींकडे, एक वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे, आणि तिसरी जिन्यातल्या मीटरबॉक्सच्या कप्प्यात आकड्यांचं कुलूप असलेल्या छोट्या पेटीत. पेटीचा आकडा दोन्ही मुलांना आणि त्या दोन शेजाऱ्यांना माहीत. वॉचमनला आकडा सांगायचा नाही, पण पेटी कुठे आहे ते त्याला माहीत असावं, असं आजींनी ठरवलं. बाहेरून फोनवर कुणी आकडा सांगितला की तो पेटी उघडू शकतो. मला ही योजना फार शहाणपणाची वाटली.

कोण येणार

समोरच्या वहिनींशी बोलायला मी मुलीला एकटीला पाठवलं नाही, सोबत गेले. असं बोलणं नाजूक असतं. "लक्ष ठेवा हं" एवढं म्हटलं की शेजारी हो म्हणतात, आणि त्या होकाराचा नेमका अर्थ दोन्ही बाजूंना कळत नाही. आम्ही स्पष्ट विचारलं: रात्री तीनला बेल वाजली तर तुम्ही याल का? वहिनींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "येईन. पण मला त्यांना उचलता येणार नाही, आणि दवाखान्यात मी सही करणार नाही." या दोन्ही अटी योग्य होत्या. त्यांच्याकडून हवं होतं ते इतकंच: यायचं, दार उघडायचं, आजींशी बोलायचं, उशी-पांघरूण द्यायचं, आणि ठरलेल्या क्रमाने फोन करायचे. उचलायचं तर नाहीच. पडलेल्या माणसाला दोन्ही काखांत धरून ओढणं हे मी सर्वांत जास्त वेळा पाहते, आणि त्यात खांदा निखळू शकतो, मोडलेलं खुब्याचं हाड हलू शकतं.

एक कागद मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून फ्रिजवर आणि दोन्ही शेजाऱ्यांकडे दिला. त्यावर सर्वांत वर, लाल शाईत: रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, डोक्याला मार लागला असेल तर बऱ्या दिसल्या तरी दवाखान्यात न्यायचं. अशा माणसांत मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकतं आणि काही तास काहीच जाणवत नाही. खाली गोळ्यांची यादी, डॉक्टरांचा नंबर, विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते, आणि श्रवणयंत्राची डबी कुठे ठेवतात ते. शेवटची ओळ क्षुल्लक वाटेल. पण रुग्णवाहिकेतल्या माणसाचं काहीच ऐकू येत नसेल तर घाबरलेली आजी चुकीची उत्तरं देते, आणि तिला भ्रम झाला आहे असं समोरच्याला वाटतं.

मग फोनचा क्रम. मुलांना एक गोष्ट आधी माहीत नव्हती आणि ती त्यांना हादरवून गेली: बंगळुरूहून 108 किंवा 112 लावलं तर तो फोन कर्नाटकातल्या केंद्रात जातो, पुण्यात नाही. न्यू जर्सीहून तर तो पुण्याच्या मदतीपर्यंत पोहोचणारच नाही. हे आकडे जिथे आपण उभे आहोत तिथल्याच मदतीसाठी असतात. म्हणून लांबच्या मुलांकडे पूर्ण दहा आकडी नंबर हवेत: दोन्ही शेजाऱ्यांचे, सोसायटीच्या गेटचा, आणि जवळच्या रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेचा. 108 वहिनींनी लावायचा.

रात्री कुणाला आधी कळवायचं, याचं उत्तर घड्याळाने दिलं. फेब्रुवारीत पुण्यात पहाटेचे चार म्हणजे न्यू जर्सीत आदल्या संध्याकाळचे साडेपाच. मुलगा जागा असतो, मुलगी गाढ झोपेत. म्हणून रात्री पहिला फोन मुलाला, दिवसा मुलीला. लांब असल्यामुळे आपला उपयोग नाही, ही मुलाच्या मनातली खंत त्या एका ओळीने हलकी झाली. रात्रपाळी आता त्याची होती. दोघांनीही आपल्या फोनमध्ये या नंबरांना अशी सूट दिली की फोन गप्प ठेवला असला तरी ते वाजतील.

आता यंत्र

इथवर आल्यावर यंत्र निवडणं सोपं झालं, कारण त्याने नेमकं काय करायचं ते ठरलं होतं: पंधरा पावलांवर झोपलेल्या वहिनींना उठवायचं. त्यासाठी उपग्रहाची किंवा कॉल सेंटरची गरज नव्हती. बाजारात मिळणारी बिनतारी बेल घेतली: एक घंटी वहिनींच्या बेडरूममध्ये भिंतीच्या प्लगला, आणि तीन बटणं आजींकडे. एक बाथरूममध्ये, एक पॅसेजमध्ये, एक पलंगाशेजारी. तिन्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर. बटण कमरेच्या उंचीवर लावणं ही मी सर्वत्र पाहते ती चूक आहे, पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोहोचत नाही. बाथरूमच्या बटणाला नाडी बांधून ती फरशीपर्यंत सोडली. पाकिटावर लिहिलेला पल्ला मोकळ्या जागेतला असतो, मधे काँक्रीटच्या भिंती आल्या की तो बराच घटतो, म्हणून विकत घेण्याआधी प्रत्येक जागेवरून वाजवून पाहिलं. स्वस्त बटणांची बॅटरी संपत आल्याचं ती स्वतः सांगत नाहीत. त्यामुळे दर गुरुवारी, सभेला निघायच्या आधी, आजी तिन्ही बटणं वाजवतात आणि वहिनी दारातून हात करतात.

पण वहिनी गावाला गेल्या तर? दिवाळीत, मे महिन्यात, गणपतीला कोकणात? आणि आजी भाजी आणायला खाली गेल्या असताना? त्यासाठी दुसरा थर हवा होता: गळ्यात घालायचं, सिमकार्ड असलेलं पेंडंट, ज्याचं बटण दाबलं की ते ठरलेल्या नंबरांना क्रमाने फोन लावतं आणि त्यातूनच बोलता येतं.

मुलीने ऑनलाइन मागवलेलं पहिलं पेंडंट परत करावं लागलं. ते फक्त 2जी वर चालणारं होतं, आणि घरात होतं जिओचं जादा सिम. जिओचं जाळं सुरुवातीपासून 4जी आहे, त्यावर 2जी यंत्र चालत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घालता आलं असतं, पण जुन्या तंत्रावर आजींचा जीव टांगून ठेवायला मी तयार नव्हते. दुसरं पेंडंट 4जी, पाणी लागलं तरी चालणारं, आठवडाभर चार्ज टिकणारं घेतलं. पाण्याचा मुद्दा इथे सोडून चालत नाही. आंघोळीला जाताना काढून ठेवायचं यंत्र सर्वांत धोक्याच्या जागी गळ्यात नसतं.

मग त्याची परीक्षा घेतली. बाथरूममध्ये फरशीवर बसून, दार लावून, नळ सोडून मी बटण दाबलं. मुलीशी बोलणं झालं, पण श्रवणयंत्राशिवाय आजींना त्यातून एक शब्द कळेना. म्हणून त्यांना शिकवलं: उत्तराची वाट बघू नका, बटण दाबून धरा आणि "मी पडले आहे, बाथरूममध्ये आहे" एवढंच दोन-तीनदा म्हणा. पलीकडच्याने ऐकलं की काम झालं.

ज्येष्ठांसाठी वार्षिक वर्गणी घेऊन चोवीस तास कॉल सेंटर चालवणाऱ्या सेवाही आम्ही पाहिल्या. ज्यांच्या शेजारी भरवशाचं माणूस नाही, त्यांनी त्या जरूर घ्याव्यात असं मला वाटतं. पण आधी रात्री दोनला फोन करून बघा: किती वेळात उचलतात, मराठी बोलतात का, रुग्णवाहिका त्यांची स्वतःची की तेही 108 लाच फोन लावणार, आणि दार कसं उघडणार याचं त्यांच्याकडे काय उत्तर आहे. आणखी एक अडचण आजींनीच दाखवली. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली म्हाताऱ्यांना लुबाडण्याच्या बातम्या वाचून त्या अनोळखी नंबर उचलतच नाहीत. मग त्या केंद्राचा फोन आला तर त्या कशा उचलणार? अशी सेवा घेतली तर तिचे सगळे नंबर नावासकट फोनमध्ये भरून ठेवायला हवेत.

लँडलाइनवर आजींचा फार विश्वास होता. पूर्वी तो योग्यही होता. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून यायची, घरची वीज गेली तरी फोन चालायचा. आता त्यांचा लँडलाइन फायबरवर आहे, आणि वीज गेली की भिंतीवरची मोडेमची डबी बंद आणि फोनही बंद. ब्रिटनमध्ये जुन्या लाइन बदलताना ज्येष्ठांची अलार्म यंत्रं बंद पडल्याची उदाहरणं समोर आली, तेव्हा 2023 च्या डिसेंबरमध्ये तिथे ते काम सक्तीने करणं थांबवावं लागलं. आपल्याकडे हा बदल कुणी न विचारता होऊन गेला. आजींच्या मोडेमला छोटी बॅटरी जोडली. वहिनींची घंटी प्लगवर चालते, तिला बॅटरीवर चालणारी जोडघंटी घेतली.

आजींच्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही एक सोय आधीपासून होती, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये मदतीचं बटण असणं बंधनकारक आहे: साध्या, आकड्यांच्या बटणांच्या फोनमध्ये 5 किंवा 9 आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. नव्या अँड्रॉइडमध्ये पाचदा दाबावं लागतं, म्हणून आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये बघून घेतलेलं बरं.

गळ्यात राहील का?

2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्या लोकांचा एक अभ्यास आला होता. पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी अनेकांकडे अलार्म होता, आणि बहुतेकांनी तो वापरलाच नाही. मी हा अभ्यास वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. माझे पेशंट मला कारणं सांगतात: कुणाला कशाला उठवायचं, थोड्या वेळाने उठता येईल, आणि मुलांना कळलं तर मला इथे राहू देणार नाहीत. शेवटचं कारण सर्वांत खोल आहे.

म्हणून मुलांनी आजींना माझ्यासमोर एक शब्द दिला: बटण दाबल्याचा उपयोग "आता आमच्याकडे चल" असं म्हणायला कधीही करणार नाही. आजींनी त्यावर आपल्या अटी घातल्या. सोवळ्यात पूजा करताना पेंडंट गळ्यात नसेल, पण देवघराशेजारी हाताशी राहील. त्याची प्लॅस्टिकची दोरी बदलून मऊ सुती गोफ हवा, मानेची कातडी सोलवटते. ते कुणाच्या नजरेस पडणार नाही, पदराखाली राहील. आणि चुकून दाबलं गेलं तर कुणी रागवायचं नाही. सगळ्या अटी मान्य झाल्या.

चुकून दाबलं गेलंही, बऱ्याचदा. कुशीवर वळताना दोन रात्री मुलाचा फोन वाजला. बटण तीन सेकंद धरल्यावरच चालू होईल अशी रचना त्या यंत्रात करता येत होती, ती केली.

जूनमधली पहाट

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका पहाटे, वीज गेलेली असताना, आजी पलंगाच्या कडेवरून सावकाश घसरत खाली बसल्या आणि डोकं बाजूच्या कपाटाला लागलं. अशा सावकाश घसरण्यात जोराचा आपट नसतो, त्यामुळे पडणं ओळखणाऱ्या घड्याळालाही ते पडणं वाटलं नसतं. त्यांनी पलंगाशेजारचं खालचं बटण दाबलं. बॅटरीवरची घंटी वाजली, वहिनी किल्ली घेऊन आल्या, दार उघडलं. आजी शुद्धीवर होत्या, हसत "काही झालं नाही गं, मला नुसती उठव" म्हणत होत्या. वहिनींनी उठवलं नाही. कागदावरची लाल ओळ वाचली आणि 108 ला फोन लावला. मुलाने तिकडून रुग्णालयात कळवून ठेवलं, वरचे काका रुग्णवाहिकेबरोबर गेले. डोक्याचा सीटी स्कॅन झाला, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून घरी सोडलं. रक्तस्राव नव्हता. जमिनीवर त्या वीस मिनिटांहून कमी वेळ होत्या.

त्यानंतर पलंगाची उंची कमी केली आणि घसरणारी रेशमी चादर बदलली.

सध्याची अडचण वेगळी आहे. वहिनींच्या यजमानांची बदली नाशिकला होते आहे आणि त्यांचा फ्लॅट भाड्याने जाईल. वरच्या काकांची खोली आजींच्या बाथरूमच्या बरोबर वर आहे, पण मधल्या स्लॅबमधून बेलचा सिग्नल अर्ध्या वेळा पोहोचत नाही, हे आम्ही तपासलं आहे. जिन्यात मधे सिग्नल पुढे पाठवणारा एक पुनर्प्रक्षेपक (रिपीटर) लावून पाहायचा, की गळ्यातल्या पेंडंटमध्ये काकांचा नंबर पहिला घालायचा, यावर मुलगी आणि मी विचार करतो आहोत. नवे भाडेकरू कोण येतात त्यावरही बरंच ठरेल. आजींनी त्यांच्यासाठी चहाचं आमंत्रण आत्ताच ठरवून ठेवलं आहे, आणि किल्लीची गोष्ट पहिल्या भेटीत काढायची नाही, असं मला बजावलं आहे.